पलीकडचं चाक

दिगंबर वारला तेव्हापासून घाटातल्या वाड्यांचं दूध त्याची बायको सगुणा एकटीच जुन्या पिकअपमधून डेअरीवर आणायची. गाडी इतकी चालली होती की मागच्या दोन चाकांना वळणावर कमी-जास्त वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल घरघर करायला लागलं. एका दुपारी सगुणाने डेअरीच्या आवारातच मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून खाली टेकू दिले आणि त्यातलं काळं पडलेलं ऑइल काढून नवं भरलं.

तेवढ्यात चेअरमन अप्पासाहेब चार माणसं घेऊन आले. दुधाची ही फेरी त्यांना पुतण्याला द्यायची होती.

"सगुणाबाई, पुरे करा आता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गाडी थकली, तुम्ही एकट्या पडलात. एका चाकावर गाडी चालते का कुठं?"

"अप्पासाहेब, हे चाक जरा घट्ट धरता?"

त्यांनी बेसावधपणे चाक धरलं. सगुणा गाडीखाली सरकली आणि इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा दांडा, शाफ्ट, हातानेच फिरवू लागली. अप्पासाहेबांच्या हातातलं चाक जागचं हललं नाही, पलीकडचं मात्र दुप्पट वेगाने गरगरलं.

"एक थांबलं की त्याच्या वाटणीचंही दुसरं फिरतं," ती खालून म्हणाली. "म्हणून तर घाटातली वळणं निघतात. फेरी मीच करणार."

माणसं हसली. काळे झालेले हात झटकत अप्पासाहेब म्हणाले, "करा, करा," आणि चालते झाले.

संध्याकाळी घाट चढताना सगुणाला हसू फुटलं. "अहो, आज काय झालं ऐका," म्हणत ती शेजारी वळली. सीट रिकामी होती. तरी तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं.