चौकराची मूठ

फार पूर्वी एका गोगलगाईच्या अंगातल्या इवल्याशा पेशीत चौकर नावाचं प्रथिन राहत असे. त्याला चार हात होते. चुन्याचे कण दारातून आत आले की चौकर चारही मुठींत एकेक कण धरी आणि झोपलेल्या राबीला हलवून उठवी. राबी हे पेशी वाढवणारं विकर. पुरेशी वाढ झाली की दार राखणारी म्हातारी उपशी कण परत मागून घेई. चौकर मुठी उघडी, राबी पुन्हा निजे.

रिकाम्या हातांच्या चौकराला मात्र कुणी विचारत नसे. एके दिवशी त्याने मुठी उघडल्याच नाहीत.

"सोड बाबा, ती दमलीय," उपशी म्हणाली.

"वाढू दे की थोडं. तुझं काय जातंय?"

राबी राबत राहिली. एका पेशीच्या दोन झाल्या, दोनांच्या चार, चारांच्या आठ. त्या पेशींची गाठ एवढी फुगली की गोगलगाईला स्वतःच्याच शंखात शिरता येईना. ती उन्हात सुकू लागली.

चौकराने घाबरून मुठी उघडल्या. राबी होती तिथेच आडवी झाली.

गाठ तरीही वाढतच राहिली. प्रत्येक नव्या पेशीत एक नवा चौकर होता, मुठी आवळून आपल्या राबीला राबवणारा. पहिला चौकर भिंतीला तोंड लावून "सोडा रे, सोडा" म्हणत राहिला. पण मूठ उघडताना त्यांच्यातल्या एकानेही त्याला कधी पाहिलं नव्हतं.