भेट आलेला दोर

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्या गावाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. लहान असाल तर नीट ऐका, आणि मोठे असाल तर त्याहून नीट ऐका, कारण यातली चूक लहान मुलं करत नाहीत.

ते गाव एका उभ्या कड्याच्या माथ्यावर वसलं होतं. खाली वाकून पाहिलं तर पोटात गोळा यावा असा तो कडा. त्याच्या कपारींत आग्या मोहोळं लागायची आणि गावातले पुरुष दोराला लोंबकळत उतरून ती काढायचे. मध द्यायचा आणि धान्य, मीठ, कापड घ्यायचं, असा सगळ्यांचा संसार चालायचा. म्हणजे अख्खं गाव दोरावरच जगत होतं म्हणा ना.

गावाच्या दोन रीती होत्या. पहिली अशी, की खाली उतरणाऱ्याचा दोर वर त्याच्या मेहुण्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं धरायचा. आपल्याच बहिणीचं कुंकू पुसलं जाईल असा ढिला हात कोण ठेवील, एवढा साधा विचार त्यामागं होता. दुसरी रीत खबरीची. मोहोळ काढून वर आलेला माणूस आधी घरी जायचा नाही. कडेआईच्या देवळापुढच्या सपाट दगडावर बसून तो जमलेल्यांना खबर सांगायचा. कपार कुठली, माश्या किती तापलेल्या, धूर कोणत्या पाल्याचा केला. पण सगळ्यात आधी दोर कुणाच्या हातचा आणि काय देऊन आणला, हे सांगावं लागे. तेवढं सांगितल्याशिवाय पुढचं कुणी ऐकून घेत नसे.

त्या गावात गोमा नावाचा एक मधकाढ्या होता. खबर सांगावी तर गोमानंच. तो बोलायला लागला की पोरं खेळ सोडून येत आणि आसपासच्या गावांतली माणसंही डोंगर चढून ऐकायला बसत. चांगल्या कोयत्याला तो चांगलं म्हणे आणि वाईट कोयता घडवणारा समोर बसला असला तरी त्याची भीड ठेवत नसे. म्हणून लोक त्याच्या शब्दावर डोळे मिटून चालायचे.

ही कीर्ती घाटाखालच्या एका दोरवाल्याच्या कानावर गेली. एके दिवशी तो खांद्यावर वाखाच्या, म्हणजे चिवट धाग्याच्या दोराचं भलं थोरलं वेटोळं घेऊन गोमाच्या अंगणात आला आणि ते त्यानं गोमाच्या पायाशी ठेवलं. काही नको, तुमच्यासाठीच वळलाय, म्हणाला.

"फुकट कशासाठी?" गोमानं विचारलं.

"तुमच्या हातात शोभेल म्हणून. खोटं बोला असं मी म्हणतच नाही. वापरून बघा. आवडला तर सांगा, नाही आवडला तर गप्प बसा."

आता यात वावगं काय होतं? काहीच नाही. गोमालाही तसंच वाटलं. त्यानं दोराला धोंडे बांधून पाहिले, पाण्यात भिजवून पाहिला, मग स्वतः त्याच्यावर उतरला. दोर खरोखर अव्वल होता. वर येऊन तो दगडावर बसला आणि म्हणाला, की दोर घाटाखालच्या दोरवाल्याच्या हातचा आहे. काही न देता आणला, हे पुढचं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर सगळं गाव बसलेलं. लोक म्हणतील, दोरवाल्यानं गोमाचं तोंड गोड केलं. गोमाला लाज वाटली. दोर चांगला आहे ना, मग विकत आला काय आणि भेट आला काय, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि सरळ दोराच्या गुणांवर आला.

दुसरा कुणी असता तर लोकांनी तिथंच अडवलं असतं. गोमाला कोण अडवणार? म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सांगायचं राहून गेलं असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या खबरीला राहिलं, त्याच्या पुढच्या खबरीलाही राहिलं. मला तर हे आठवलं तरी अंगावर काटा येतो. माणसाचा जीव ज्या वस्तूला टांगायचा, तिच्याबद्दलची एक गोष्ट सगळ्यांदेखत गिळली गेली आणि कुणाला काही वाटलं नाही.

मधाचे भोपळे भरभरून घाट उतरू लागले आणि गावात नवे दोर चढू लागले. गावातच दोर वळणाऱ्या बायकांचे हात रिकामे झाले. इकडे गोमाच्या घरी एक ऊबदार घोंगडी आली, मग एक पितळी अडकित्ता आला. ही तर मैत्रीची खूण, तो बायकोला म्हणायचा. बायकोनं मात्र ती घोंगडी कधी अंगावर घेतली नाही.

गोमाची थोरली बहीण ठकूआक्का गावातच दिली होती. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे दाजींचा दोर वर धरायचं काम अर्थातच गोमाकडे. दाजी सावध माणूस. जुना दोर टाकवत नव्हता, म्हणून सगळ्यांच्या मागून त्यांनी नवा आणला. उतरायच्या सकाळी तो खांद्यावर टाकून ते कड्यावर आले आणि म्हणाले, "तू चांगला म्हणतोस, म्हणून मी ताणूनसुद्धा पाहिला नाही." गोमाची छाती अभिमानानं फुगली.

कड्यावरच्या झाडाच्या बुंध्याला दोराचा वेढा दिला आणि दाजी उतरू लागले. गोमा वेढ्याशी पाय रोवून हळूहळू दोर सोडत होता. खालून धुराचा वास आला, माश्यांचा घोंघाट आला. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. आणि एकदम गोमाच्या हातातला दोर हलका झाला.

त्याला आधी कळलंच नाही. त्यानं हातांकडे पाहिलं, बुंध्याकडे पाहिलं. हात घट्ट होते, वेढा जागच्या जागी होता. मग खालून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. त्यानं दोर ओढला. तो सरसर वर आला आणि तुटकं टोक त्याच्या मांडीवर पडलं. वरवर लांब वाखाचं आवरण आणि आत पोटाला कुजका पेंढा. गोमा त्या टोकाकडे बघतच राहिला. हाक मारायची असते हेही त्याला सुचेना.

देवाची कृपा म्हणा, दाजी एका कपारीतल्या उंबरावर अडकले होते. खालून त्यांची हाक ऐकून गाव धावलं. गोमाचाच दोर आणला, दोन गडी त्यावर उतरले आणि त्यांनी दाजींना वर काढलं. बरगड्या मोडलेल्या, खांदा निखळलेला, पण श्वास चालू. दोन गडी आणि वर जखमी माणूस, एवढा भार त्या दोरानं पेलला.

ठकूआक्कानं नवऱ्याच्या तोंडात पाणी घातलं. मग उठून ती दोन्ही दोरांपाशी आली. गोमाच्या दोराचं टोक तिनं कोयत्यानं तोडलं. आत बाहेर एकसारखा लांब, पिवळाधमक वाख. शेजारी पेंढ्याचा तो दुसरा तुकडा.

"एकाच हातचे ना हे?" तिनं विचारलं. "आम्ही दोन भोपळे मध दिला. तू काय दिलंस?"

गोमानं मान खाली घातली. त्यानं काहीच दिलेलं नाही, हे सगळ्यांना कळलं.

"तुझा दोर तुझ्यासाठी वेगळा वळलेला होता," आक्का म्हणाली. "तो भेट आलाय एवढं बोलला असतास, तर ह्यांनी आपला ताणून बघितला असता रे. खोटं नाही बोललास तू. पण आम्हाला बघायचंही सुचू दिलं नाहीस."

ती रडली नाही, ओरडली नाही. एका क्षणात परक्या माणसाकडे पाहावं तशी आपली सख्खी बहीण पाहते आहे, हे गोमाला दिसलं आणि तुटका दोर पाहून बसला त्याहून मोठा धक्का त्याला बसला.

लोकांनी घरोघरचे नवे दोर आणून तिथंच उकलले. सगळ्यांच्या पोटात पेंढा, आधीच्यांत थोडा, मागून आणलेल्यांत जास्त. रोज त्यांवर आपण पोरांच्या बापांना लोंबकळवत होतो, असं बायका पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. चार गडी तसेच घाट उतरून दोरवाल्याच्या दारात गेले. तो घाबरला नाही. गोमाला दिलेला दोर वाईट निघाला का, असं त्यानं उलट विचारलं. आणि तुमचाही तसाच असेल असं मी कधी म्हटलं होतं का, ते तर तुमचा गोमा म्हणाला. गडी तसेच माघारी आले, कारण बोलणं नीच असलं तरी ते खरं होतं.

दोरवाल्याचा धंदा बसला. गावातल्या बायका पुन्हा दोर वळू लागल्या. गोमानं घोंगडी आणि अडकित्ता दगडावर आणून ठेवला, काय काय घेतलं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. लोकांनी माफही केलं. त्याच्या खबरीला ते अजूनही बसायचे. फक्त त्यानं एखाद्या कपारीत मोहोळ आहे म्हटलं, की ऐकून उठायचे आणि दुसऱ्या कुणाला तरी बघून यायला पाठवायचे.

पुढच्या हंगामाला दाजी बरे झाले आणि पुन्हा कड्यावर आले. गोमा आधीच बुंध्यापाशी जाऊन उभा राहिला होता. ठकूआक्का पदर खोचून पुढं आली, तिनं त्याच्या हातून दोर अलगद काढून घेतला आणि स्वतः पाय रोवून उभी राहिली. त्या गावात बाईनं दोर धरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण त्या दिवशी एकही माणूस नको म्हणाला नाही.

बोध एवढाच: ज्याच्या शब्दावर लोक विसंबतात, त्यानं वस्तूचे गुण सांगण्याआधी ती आपल्याला भेट मिळाली आहे हे सांगावं. भेट लपवली, की खरा शब्दसुद्धा दगा देतो.