हत्तीखान्यातली उमेदवारी

खूप वर्षं झाली या गोष्टीला. डोंगरांच्या मधोमध एक लहानसं राज्य होतं. तिथे अशी रीत होती, की शाळेतली मुलं सोळा वर्षांची झाली, की दसऱ्याच्या दरबारात त्यांनी राजासमोर उभं राहायचं आणि पुढे कोणतं काम करणार ते सांगायचं. एकदा सांगितलं की तेच काम जन्मभर.

मुलं तरी काय सांगणार? जे लांबून दिसे तेच. निम्मी म्हणत, आम्ही शिपाई होणार, कारण मिरवणुकीत शिपायांच्या तलवारी चमकत. उरलेली बापाचा धंदा सांगून मोकळी होत. पुढे कितीतरी जण कुरकुरत दिवस काढत.

शाळेच्या गुरुजींना हे बघवेना. त्यांनी राजाची परवानगी घेतली आणि नवा नियम केला. ज्याला जे व्हायचं असेल, त्याने आधी पावसाळाभर तिथे शिकाऊ म्हणून उमेदवारी करायची आणि मग दरबारात बोलायचं.

त्या वर्षी वेणू नावाची मुलगी सोळाची झाली. तिचा बाप रंगारी होता. गुरुजींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला माहूत व्हायचंय."

"का गं?"

"हत्तीवर बसलं की सगळं गाव खाली दिसतं. आणि सगळं गाव आपल्याकडे बघतं."

गुरुजी हसले नाहीत. "हे झालं तुझं कारण. आता कामही बघून ये," ते म्हणाले.

बापाला मात्र ते रुचलं नाही. तो गुरुजींकडे आला. "घरचा धंदा सोडून पोरीने हत्तीचं शेण काढायचं?"

"काढू दे," गुरुजी म्हणाले. "नाही जमलं तर दसऱ्याआधी परत येईल. पण न बघताच राहिली, तर रंगाच्या पिंपापाशी उभी राहून जन्मभर हत्तीच बघेल."

दुसऱ्या दिवशी बापाने स्वतःच तिला हत्तीखान्यात नेऊन सोडलं.

सिदोबा तिथला जुना माहूत. बोलायला मोजका. त्याने वेणूच्या हातात खराटा दिला आणि भद्रा नावाची हत्तीण दाखवली. राजाची अंबारी हीच वाहून नेई.

शेण काढायचं, चारा तोडायचा, नदीवर नेऊन विटकरीने अंग घासायचं. रोज सकाळी चारही पाय उचलायला लावून तळव्यात खडा रुतलाय का ते बघायचं. पावसात चिखल आणि शेण एक होई. वेणूच्या हातांना फोड आले. आठवडाभराने तिने विचारलं, "वर कधी बसायचं?"

"ती तुला ओळखायला लागली की," सिदोबा म्हणाला.

भद्रा तिच्या हातचं खाईना. वेणू ऊस पुढे करी आणि भद्रा तोंड फिरवी. दोनदा वेणू रडत घरी गेली. बापाने तिला जेवायला वाढलं, विचारलं काही नाही. सकाळी ती आपणहून उठून परत गेली. पुढे एका दुपारी भद्राने सोंड लांब करून तिच्या हातातला ऊस घेतला, आणि त्या दिवशी वेणूला घरी जायचं भानच राहिलं नाही.

पावसाळा सरला. सिदोबा म्हणाला, "दसऱ्याला मिरवणुकीत मानेवर तू बस. मी बाजूने चालेन."

दसऱ्याच्या सकाळी वेणू नवं लुगडं नेसून आली. भद्राला पाण्यावर नेताना तिच्या लक्षात आलं, की भद्रा पुढचा डावा पाय हलकेच टेकते आहे. तिने वाकून तळवा पाहिला. एका जागी जरा सूज होती. नखाएवढीच.

बाहेर सनई सुरू झाली होती. अंबारी बांधायला माणसं दोर घेऊन उभी होती. वेणूच्या मनात आलं, मिरवणूक काही दिवसभर चालत नाही. एवढं अंतर ही जाईल. संध्याकाळी सांगितलं तर काय बिघडलं? बाबा येऊन चौकात उभे असतील.

भद्राने तो पाय पुन्हा उचलला आणि तसाच अधांतरी धरला. वेणू सिदोबाकडे गेली.

सिदोबाने तळवा दाबला. भद्राने कण्हून पाय ओढून घेतला. "आज ही चालायची नाही," तो म्हणाला.

मिरवणुकीचा कारभारी चिडला. "पोरीच्या सांगण्यावरून राजाची अंबारी अडवायची?"

"सांगितलं पोरीने. बघितलं मी," सिदोबा म्हणाला.

राजा घोड्यावरून गेला. लोक हिरमुसले. वेणू मात्र भद्राचा पाय कडुलिंबाच्या कोमट पाण्यात धरून बसली होती. मोठ्या खटपटीने बांबूचं अणकुचीदार कुसळ निघालं. मिरवणूक हत्तीखान्यावरून वाजतगाजत गेली, तेव्हा तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

दुपारी गुरुजी आले. "दरबारात तुझं नाव पुकारलं, तू नव्हतीस. राजाने विचारून यायला सांगितलंय. काय सांगू?"

"माहूत."

"कारण तेच?"

वेणूने जरा विचार केला. "नाही. वरून गाव कसं दिसतं ते मला अजून माहीतच नाही. पण हिचा पाय दुखतोय ते मला कळलं. ते मला आवडलं."

गुरुजींनी मान हलवली. "सोनाराच्या मुलाने मात्र आज बेत बदलला. पावसाळाभर शिपायांत राहिला, आणि म्हणाला, मला हे नको. दरबारात कुणी हसलं नाही."

दिवस कलल्यावर बाप आला. कोपरापर्यंत हात निळे, हातात पुरणपोळीचा डबा. "घरी येतेस ना?"

"पट्टी बदलली की येते."

तो तिथेच पेंढ्यांवर बसून राहिला.

भद्राचा पाय बरा झाला आणि वेणू माहूत झाली. गुरुजींचा नियम पुढे कायमचा झाला. मुलं दरबारात उभी राहिली की आधीच्यापेक्षा हळू बोलत, पण बोलत ते खरं बोलत. त्या राज्यात कुरकुर पुरती थांबली नाही, कमी मात्र झाली.

तात्पर्य इतकंच: कामाचा मान लांबून पाहून नव्हे, तर त्यातले रोजचे कष्ट स्वतः करून पाहूनच काम निवडावं.