हिंगाच्या डबीतली मेणबत्ती

फार म्हणजे फारच वर्षांपूर्वी, खाजणगावच्या खाडीवर पूल नव्हता आणि पल्याड जायचं तर होडीशिवाय गत नव्हती, तेव्हा गावात कातरीनबाय नावाची एक विधवा राहत होती. तिचा एकुलता एक लेक बस्त्याव होडी वल्हवायचा. आणि ती स्वतः? ती मेणबत्त्या करायची. साच्यातल्या गोऱ्यागोमट्या नव्हेत हं! गावानं टाकून दिलेलं जे भांडं हाती लागेल, त्यात ती मेण ओतायची.

खाडीकाठच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लोक मेणबत्त्या लावत. तिथं सांडलेलं मेण ती खरवडून आणायची, गरम पाण्यात टोप ठेवून वितळवायची. जुन्या लुगड्याच्या सुताची वात काडीला बांधून डब्यात सोडायची आणि वरून मेण ओतायची. थंड होताना मधे खळगा पडला की पुन्हा थोडं ओतून तो बुजवायची. हिंगाच्या डब्या, तपकिरीच्या डब्या, लोणच्याच्या तडकलेल्या बरण्या, दांडा मोडलेले कप, तिला काहीच वर्ज्य नव्हतं. फक्त एक खोड होती. ती भांडी धुवायची नाही. गोड्या पाण्याची विहीर टेकडीवर, आणि बाईचे गुडघे दुखायचे. मग काय, फडकं फिरवलं की झालं.

एका नाताळात तिनं मोठ्या हौसेनं आपल्या मेणबत्त्या चर्चमध्ये लावल्या. मेण तापलं, हिंग तापला, तपकीर तापली, आणि अख्खं चर्च शिंकायला लागलं. फादर शिंकले, गाणारे शिंकले, नाताळच्या देखाव्यातल्या मेंढ्याही शिंकल्या, असं म्हणतात. त्या मेंढ्या मातीच्या होत्या, पण सांगणारे ऐकतात थोडेच! फादरनी हात जोडून सगळ्या मेणबत्त्या परत पाठवल्या. कातरीनबाय फार दुखावली. तिनं त्या पडवीत रचून ठेवल्या आणि पुन्हा मेणाला हात लावायचा नाही असं ठरवलं.

पुढच्याच महिन्यात बस्त्यावचं लग्न पल्याडच्या सेसीलशी झालं. कातरीनबाय घरी स्वागताच्या तयारीला थांबली होती. पहाटेच्या भरतीच्या पाण्याला वऱ्हाड परत निघालं. नवरदेवच आपल्या वऱ्हाडाची होडी वल्हवतोय म्हणून सगळे हसत होते. अर्ध्या खाडीत आले आणि धुकं उतरलं. असं धुकं की बस्त्यावला हातातलं वल्हं दिसेना. त्यातच ओहोटी लागली. होडी खाडीच्या तोंडाकडे, फुटणाऱ्या लाटांकडे ओढली जाऊ लागली.

काठावर गाव गोळा झालं. लोकांनी हाका मारल्या, थाळ्या बडवल्या. पण धुक्यात आवाज चहूकडून येतोय असं वाटे, होडीतल्या माणसांना दिशाच कळेना. कातरीनबायही धावत आली होती. एकुलता लेक, नवी सून, आणि समोर नुसता पांढरा अंधार. ती धावत घरी गेली. दुखरे गुडघे त्या दिवशी दुखलेच नाहीत, असं म्हणतात. तिनं पडवीतल्या मेणबत्त्या टोपल्या भरभरून आणल्या.

लोक म्हणाले, ह्या धुक्यात बत्ती दिसायची नाही.

"दिसाची नाय तर नाय," ती म्हणाली. "लावा तुम्ही."

साऱ्या काठावर बत्त्या पेटल्या. उजेड खरंच दोन हातांपलीकडे गेला नाही. पण मेण तापलं! आणि पहाटेचा मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, तो वास घेऊन निघाला.

होडीत सगळ्यात आधी म्हातारा आपा नाईक ताठ बसला. हा तर आपल्या घरचा हिंग! तोवर गंगूमावशीला आपल्या मसाल्यातल्या तिरफळांचा वास आला, कुणाला आईच्या लोणच्याचा, कुणाला बापाच्या तपकिरीचा. रडणारी माणसं नाक वर करून हसायला लागली.

"जयसून वास येता, थयसर वल्हवा," बस्त्याव ओरडला. तो वल्हवत होता, बाकीचे हातांनी पाणी मागे लोटत होते. वास वाढत गेला, वाढत गेला, आणि होडीचं नाक खाजणगावच्या वाळूत घुसलं. खाडीतल्या कुर्ल्यासुद्धा नांग्या वर करून शिंकत बाहेर आल्या, असं म्हणतात.

काठावर नुसता जल्लोष झाला. कातरीनबायनं लेकाला कवटाळलं, मग सुनेला. पाहते तर सेसीलच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. सासूनं विचारलं, अजून भ्यालीस काय गो?

"सगळ्यांचा घर वासार इला," सेसील म्हणाली. "माझा तेवढा पल्याड रवला."

धुकं विरल्यावर लग्नाचं जेवण तसंच ठेवून कातरीनबाय होडीत बसली, विहिणीच्या दारात गेली आणि तिच्याकडून माडाच्या गुळाचा रिकामा, चिकट डबा मागून आणला. त्यात मेण ओतलं, खळगा बुजवला. संध्याकाळी नव्या घरात ती बत्ती पेटली, करपट गोड वास सुटला, आणि सेसील त्या दिवशीचा पहिला घास बत्तीशेजारी बसून जेवली.

आता खाडीवर पूल आहे, पुलावर दिवे आहेत. तरी खाजणगावात येणारी नवरी, कुठल्याही जातीधर्माची असो, माहेरचा एक जुना डबा मांडीवर घेऊन येते. एखादी आई सवयीनं तो घासून लख्ख करायला निघते, तेव्हा शेजारणी तिच्या हातून हिसकावून घेतात. सासू त्यात स्वतःच्या हातानं मेण ओतते. त्या बत्तीला कातरीनबायची बत्ती म्हणतात. ती पेटेपर्यंत घरात कुणी जेवत नाही. आणि पेटली की सगळी माणसं नवरीला एकटी सोडून अंगणात जाऊन बसतात, तिला पोटभर रडून घेता यावं म्हणून.