धनाजीरावांच्या नावाचं गाणं

जतच्या गायिका शेवंताबाईंचं नवं गाणं सकाळी आलं की दुपारी धनाजीराव ते आपल्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून विकायचे. बाई जाब विचारायला गेल्या, तर व्यापारी संघाचे हे अध्यक्ष मिशीला पीळ देत म्हणाले, "बाई, गाणं म्हणजे वारा. वाऱ्याला कुठं कुंपण असतं?"

बाईंनी डोकं लढवलं. त्या आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचं वेगळं गाणं करू लागल्या, आणि त्यात त्याची एक खरी सवय घालायच्याच. सोपानमामांच्या घोरण्याचं गाणं चोरलं, तरी दुसरं कोण घेणार?

धनाजीरावांचा धंदा बसला, पण हौस काही बसेना. "वाढदिवसाला माझ्या नावाचं गाणं पाहिजे, तेही फुकट," त्यांनी फर्मावलं. बाईंनी मान डोलावली.

भर मांडवात स्पीकर गाऊ लागला: "राजा आमचा धनाजी, गाणी चोरतो ताजी ताजी." मांडव हसून लोळला, आणि संध्याकाळपर्यंत ते गाणं गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचलं.

घामाघूम धनाजीराव बाईंच्या दारात आले. "बाई, हात जोडतो, हे थांबवा." तेवढ्यात त्यांच्याच खिशातला मोबाइल तेच गाऊ लागला. बायकोनं रिंगटोन बदलली होती.

शेवंताबाईंनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. "मी कशी थांबवू, मालक? वाऱ्याला कुठं कुंपण असतं?"