बारा बिबटे

“...मग एकूण किती म्हणायचे?” फकिरांनी विचारलं.

“बारा,” प्राध्यापक घैसास म्हणाले. “फार तर एखादा इकडेतिकडे.”

घैसास विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. या डोंगरावरच्या बिबट्यांची मोजदाद त्यांनी केली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. खरं तर गर्वच म्हणा. नूरशहा फकीर तिथल्याच दर्ग्यात राहत. खाली उतरण्याआधी त्यांच्याकडूनही शाबासकी घ्यावी, म्हणून घैसास आत शिरले होते.

“सगळे डोळ्यांनी पाहिलेस?”

“पाहायला कशाला लागतं, बाबा? वाटांवर कॅमेरे लावले. लोक ते जोडीनं लावतात, समोरासमोर. मी एकेकटे लावले. तेवढ्याच कॅमेऱ्यांत दुप्पट जंगल! मग अंगावरचे ठिपके ताडून पाहायचे. ठिपके वेगळे, की बिबट्या वेगळा. बाकी सगळं गणित.”

“आणि बारा म्हणजे...?”

“फार झाले. या डोंगराला सहा पुरेत. माझ्या आकड्यावरच ठरलं, सहा धरून लांब सोडायचे. चार सापडले. दोन पिंजरे अजून उघडे आहेत.”

फकीर खिडकीबाहेर पाहत बसले होते, घैसास त्यांच्या उजव्या हाताला.

“आणि या दर्ग्यात आम्ही किती?”

घैसासांना हसू आलं. “दोघं. तुम्ही, आणि सकाळी झऱ्यावर बसले होते ते. डावा गाल पार भाजलेला. वाटेवरूनच सलाम केला त्यांना.”

“नक्की दोघं?”

“तो गाल काय विसरण्यासारखा आहे?”

फकिरांनी सावकाश मान वळवली.

डावा गाल कानापर्यंत भाजलेला होता.

घैसासांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पिशवीतून फोटो काढले आणि चटईवर मांडले.

सहा डाव्या कुशीचे. सहा उजव्या कुशीचे. दोन्ही कुशी दिसतील असा एकही बिबट्या त्यात नव्हता.

“एकाच बिबट्याच्या दोन कुशींवरचे ठिपके वेगळे... सहाच होते, बाबा... आणि त्यातले चार मी...”

त्यांनी फोन काढला, तर रेंज नाही. घैसास अनवाणीच दाराकडे धावले आणि उंबऱ्यावर थबकले.

“उरलेले दोन तरी... राहतील ना?”

फकीर पुन्हा खिडकीकडे वळले होते.

“पळ, बेटा. पिंजऱ्यात दोन्ही कुशी एकदमच शिरतात.”