चिचवाहीची देवी नदीवर का बसली

थांबा साहेब, गाडी त्या खड्ड्याच्या काठाशी लावू नका. तुमच्या गाडीची मला काळजी नाही, पण खड्ड्याला रेतीच पचते, लोखंड पचत नाही. ताई, तुम्ही चप्पल राहू द्या पायात, नमस्कार करायला इथं कुणी नाही. देऊळ समोर आहे, कलंडलेलं. चौथरा आहे, घंटा आहे, दिवा आहे आणि देवी नाही. चिचवाहीची देवी गाव सोडून वर्धा नदीच्या रेतीत जाऊन बसली. म्हणून या गावात जावई येवो की मंत्री, त्या ढिगातली ओंजळभर रेती आधी खड्ड्यात टाकतो, मगच त्याला पाणी मिळतं. हे का, ते सांगतो. हे तरुण साहेब कंपनीकडून आलेत ना? त्यांनी पुढं बसावं. मागं बसलेल्यांना झोप लागते.

असे सांगतात, की आमच्या आज्याच्याही आधी गावाखाली कोळसा निघाला. खाली बोगदे खणायचे आणि मध्येमध्ये कोळशाचेच जाड खांब सोडायचे. खांबांवर छत आणि छतावर आम्ही. पुढं कंपनीला त्या खांबांचाही मोह सुटला. तरी नियम होता, की खांब काढला तर त्या पोकळीत रेती भरायची. नदीची रेती पाण्यात कालवून नळानं खाली सोडायची. पाणी झिरपून जातं, रेती गच्च बसते आणि वरची जमीन जागची हलत नाही. एवढं सरळ काम. यात चोरण्यासारखं काय आहे, असं भल्या माणसाला वाटेल. अहो, रेती आहे ना!

रेतीचा ठेका शेलोटे नावाच्या माणसाकडे होता. नदीवरून बैलांच्या बंड्या भरून निघायच्या खाणीच्या नावानं, आणि अर्ध्या वाटेत वळायच्या कंपनीच्या म्यानेजरच्या नव्या बंगल्याकडे. उरल्या त्या शेलोट्याच्या माडीकडे. खाली नळातून जायचं ते बहुतेक गढूळ पाणीच. खांब मात्र नेमानं वर येत होते. खाली उतरणाऱ्या गड्यांना ते दिसत होतं. पण जो बोलला त्याचं काम गेलं, म्हणून बाकीचे घरी येऊन मुकाट जेवत. पुरुष जात अशी शहाणी असते, ताई.

देवळाच्या अंगणाला लागून झिंगराबाई गेडामचं घर होतं. विधवा बाई, लोकांच्या मिरच्या कांडून पोट भरायची, आणि तोंडानं मिरचीहून तिखट. एकदा म्हणे तिनं उखळात मुसळ घातलं आणि खालून उत्तर आलं. धम्म. पुन्हा घातलं, पुन्हा धम्म. जणू जमिनीखाली दुसरी कुणी कांडत होती.

आता माझ्या गावाची अक्कल ऐका. पुजाऱ्यानं कान जमिनीला लावला आणि सांगितलं, देवी स्वतः खाली नैवेद्याचे तांदूळ कांडते आहे. झालं! नारळ फुटू लागले. पहिला नारळ कुणी फोडला असेल? शेलोट्यानं. ती घंटाही त्यानंच दिलेली, नाव वाचा तिच्यावर. पुढं घराघराच्या भिंतींना भेगा पडल्या. तेव्हा देवीनं भांग पाडला म्हणून बायका त्या भेगांत कुंकू भरू लागल्या. जिथं बंड्याच्या बंड्या रेती जायला हवी होती, तिथं हे चिमूट चिमूट कुंकू.

झिंगराबाई म्यानेजरकडे गेली, तर त्यानं चपराशाकडून निरोप दिला, की देवी खूश आहे, तू का चिडतेस. ती परत आली आणि भरल्या अंगणात विचारलं, "देवी खाली कांडते, मंग खाते का? कोयसा?"

पुजाऱ्यानं तिला गप्प बसायला सांगितलं. तेव्हा तिनं उखळ पालथं घातलं आणि नवस बोलली, "जमिनीचं पोट भरत नाई, तवरी माह्याबी पोटात घास नाई."

लोक हसले. एक तोंड कमी झालं म्हणाले.

बाई वाळत गेली. तशात चैत्रातली जत्रा आली. त्या दिवशी सारं गाव त्याच अंगणात जमून ढोलावर नाचणार होतं. नाचणारे पाय वर आणि पोकळी खाली, हे तिला दिसत होतं, आणि ऐकणारं कुणी नव्हतं. मग तिनं काय केलं? सकाळी ढोल तापत होते तेवढ्यात गाभाऱ्यात शिरली, देवीचा शेंदरी धोंडा पदरात बांधला आणि नदीकडे पळत सुटली.

ज्या गावाला ठेकेदाराकडे डोळा वर करून बघता आलं नाही, ते गाव एका उपाशी बाईमागं काठ्या घेऊन धावलं. पोरं धावली, म्हातारे धावले. खाटेवर पडलेल्या एका बुढ्याला तिच्यावर थुंकायचं होतं, म्हणून त्याला खाटेसकट आणलं. एवढा राग होता आमच्यात. योग्य जागी तो कधी निघालाच नव्हता.

ती रेतीत धोंड्याला मिठी मारून बसली होती. पुजाऱ्यानं काठी उगारली.

"मारा," ती म्हणाली. "पर आधी पाहा, मांगं कोनी रायलं का?"

लोकांनी वळून एकमेकांकडे पाहिलं. सगळे आले होते. आणि तेवढ्यात गावाकडून आवाज आला. देवळासमोरचं अंगण तिच्या घरासकट, उखळासकट आणि फुटलेल्या नारळांसकट खाली गेलं. धूळ बसली. मग तीच बोलली, "आता उचला रेती. खालचं समदं भरत नाई, तवरी हे माय गावात येनार नाई."

गाव परतलं, पण थेट खड्ड्याशी गेलं नाही. आधी म्यानेजरच्या बंगल्याशी गेलं, मग शेलोट्याच्या माडीशी. भिंती ज्या रेतीनं उभ्या राहिल्या होत्या ती रेती विटांसकट बंड्यांत भरली आणि खड्ड्यात ओतली. तो पांढरा तुकडा दिसतो ना कडेला? म्यानेजरच्या न्हाणीघराची फरशी. मी लहानपणी रोज त्यावर उभा राहून... जाऊ द्या, ताई आहेत. झिंगराबाईनं मात्र घास घेतला नाही. एका खड्ड्यात रेती ओतली म्हणजे जमिनीचं पोट भरलं असं ती मानायला तयार नव्हती. नदीवरच तिनं उपाशी जीव सोडला. देवीशेजारी तिलाही रेतीतच ठेवलं.

आजही चिचवाहीत भिंतीला भेग पडली तर कुणी कुंकू भरत नाही, गाव काठी घेऊन कंपनीच्या दारात जातं. आजही जत्रा नदीवर भरते. आणि दर जत्रेला गाव मुसळ आपटून तिचा सवाल जमिनीला विचारतं, पोट भरलं का?

काय म्हणता, कंपनीचे साहेब? आता खाली सगळं भरलंय, काळजी नाही? फार चांगलं झालं. मग आजच देवी आणू की गावात, तुमच्याच डोक्यावरून मिरवत. फक्त एक करा. ते देवळाशी टेकवलेलं मुसळ घ्या, त्या दगडावर एकदा जोरानं आपटा. अजून जोरानं, कंपनीचा पगार खाता ना?

ऐकलंत?

पुन्हा आपटू नका, तेवढं पुरे. आणि तो हात ओंजळीसाठी पुढं करू नका, साहेब. तुमच्यासाठी ते घमेलं ठेवलंय.